शब्दाची मोड

माझं इंग्रजी वाणिज्य शाखेचं आहे. कला शाखेच्या लोकांना कॉलेजात शेक्सपिअर भेटतो, शास्त्र शाखेच्या लोकांना न्यूटन भेटतो. आम्हांला भेटले ते 'टू' आणि 'बाय'. खातेवहीच्या डाव्या बाजूला प्रत्येक नोंदीआधी 'टू' लिहायचं, उजव्या बाजूला 'बाय'. का लिहायचं ते सरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की झालं. पुढे बँकेत लागलो. तिथे चेकवरच्या अक्षरी रकमेच्या शेवटी 'ओन्ली' असतं. त्यामुळे 'टू'पासून सुरू झालेलं माझं इंग्रजी 'ओन्ली'पाशी येऊन थांबलं, ते आजतागायत तिथेच आहे. 'फोर'मध्ये 'यू' असतो आणि 'फॉर्टी'त नसतो, हे वीस वर्षं चेक बघून मला पाठ झालं आहे. पण चारापासून चाळिसापर्यंत जाताना तो 'यू' नेमका कुठे गळतो, याचा हिशेब अजून लागलेला नाही.

अशा माणसाच्या घरी परवा एक ४५ अक्षरी इंग्रजी शब्द येऊन पडला.

आणला तो आमच्या कन्येनं. ती सातवीत आहे. जेवता जेवता म्हणाली, "बाबा, शाळेत स्पर्धा आहे. इंग्रजी शब्दकोशातला लांबच लांब शब्द म्हणून दाखवायचा. स्पेलिंग सांगायचं, अर्थ सांगायचा. आणि शब्द म्हणताना मध्ये श्वास घ्यायचा नाही. एका दमात!"

"बघू कुठला शब्द?" मी बेसावधपणे विचारलं.

तिनं डाव्या हातानं वहीचा कागद पुढे केला. कागद आडवा धरावा लागला. त्यावर इंग्रजीत जे काही लिहिलं होतं, ते आपल्या लिपीत आणलं तर असं होतं : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस.

वाचकहो, तुम्ही आत्ता हा शब्द वाचला नाही. तुम्ही 'न्यूमोनो'पर्यंत आलात, पुढे नजर घसरली आणि थेट 'सिस'वर जाऊन आदळली. संकोच बाळगू नका. मीही तेच केलं. फक्त माझ्या तोंडात त्या वेळी आमटीभात होता, त्यामुळे 'मायक्रो'च्या सुमारास ठसका लागला आणि सौ.ला उठून पाठीवर थापा माराव्या लागल्या.

"गावाचं नाव आहे की औषधाचं?" थापा मारता मारता तिनं विचारलं.

"रोगाचं," कन्या म्हणाली.

"दिसतंयच," सौ. म्हणाली.

रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी कागद घेऊन बसलो. कन्येला 'उद्या सांगतो' म्हणून बसलो होतो. आपल्या बापाला इंग्रजी येतं असा तिचा समज आहे आणि तो निदान दहावीपर्यंत टिकावा अशी माझी इच्छा आहे.

एक गोष्ट बँकेनं मला शिकवली आहे. मोठी रक्कम अंगावर आली की घाबरायचं नाही, मोडायची. पाचशेची नोट घेऊन माणूस काउंटरवर येतो तेव्हा तो तिच्यापुढे हतबल असतो. रिक्षावाला ती घेत नाही, भाजीवाली घेत नाही. तीच मोडून शंभराच्या, पन्नासाच्या करून दिल्या की माणसाचा चेहरा उजळतो. आमच्या काउंटरवर एक मामा येतात. गावाबाहेरच्या खडी क्रशरवर त्यांचा जन्म गेला. निराधार योजनेचे पैसे जमा झाले का, एवढंच विचारायला येतात. पासबुक नेहमी घरी राहिलेलं आणि खातेक्रमांक मात्र तोंडपाठ. तो अकरा आकडी क्रमांक ते दोन-दोन आकड्यांनी सांगतात. दोन आकडे, मग थांबणार. दोन आकडे, मग थांबणार. मागची रांग चुळबुळायला लागते. एकदा मीही म्हणालो होतो, "मामा, जरा भरभर! सिस्टिम बंद पडायच्या आत सांगा." रांग हसली. मामाही हसले, पण त्यांनी आपला हप्ता काही वाढवला नाही.

त्या रात्री मला मामांची पद्धत पटली. मी तो शब्द मोडला. सहा नोटा निघाल्या : न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रोस्कोपिक, सिलिको, व्होल्केनो, कोनिओसिस. इंग्रजी अक्षरं मोजली : आठ, पाच, अकरा, सहा, सात, आठ. बेरीज ४५. पैशाचा फरक नाही. मला इतका आनंद झाला की मी कागदाच्या कोपऱ्यात बारीक सही केली.

मग आपल्या लिपीतली अक्षरं मोजली. भरली २२. म्हणजे ४५ चा माल आपण २२ मध्ये देतो, निम्म्याहून कमी खर्चात! मातृभाषेचा अभिमान वाटावा अशी ही बचत आहे. पण कन्येच्या कागदावर बाईंनी लिहून दिलं होतं की या शब्दात १९ सिलॅबल आहेत. सिलॅबल म्हणजे उच्चाराचा एक झटका. एका झटक्यात जेवढं तोंडातून बाहेर पडतं तेवढं. माझ्याकडे २२, बाईंकडे १९. तीनाचा फरक!

ज्यांनी बँकेत काम केलेलं नाही त्यांना ही यातना कळणार नाही. दिवसाअखेरीस तीन लाखांचा फरक आला तर माणूस निर्धास्त असतो, कारण एवढी मोठी चूक आपोआप सापडते. तीन रुपयांचा फरक आला की झोप उडते. मी बोटं मोडत, टेबलावर ठोके देत बसलो. पावणेबाराला फरक सापडला.

आपण 'घर' लिहितो तेव्हा कागदावर दोन अक्षरं असतात, पण तोंडातून एकच झटका निघतो. शेवटचा 'र' लिहिताना पूर्ण, बोलताना पाय मोडलेला. तो आपला स्वतंत्र झटका घेत नाही, 'घ'च्याच खांद्यावर बसून जातो. तसंच इथे. 'माय'मधला 'य', 'पिक'मधला 'क' आणि अगदी शेवटच्या 'सिस'मधला 'स', हे तिघे विनातिकीट प्रवासी. २२ वजा ३, बरोबर १९. स्वर असेल त्याला जागा, नसेल त्यानं शेजाऱ्याच्या मांडीवर बसावं, असा हा एकूण एस.टी.चा नियम आहे.

पुढचा घोटाळा पहिल्याच अक्षराचा. शब्द सुरू होतो 'पी'नं, आणि उच्चारात 'पी' कुठेच नाही. हजेरीपटावर पहिलं नाव, खुर्चीवर कोट लटकवलेला आणि गृहस्थ चहाला गेलेले. असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, म्हणून मला नवल वाटलं नाही. पण शोध घेतला तेव्हा कळलं की दोष त्या 'पी'चा नाही. शब्द मूळचा ग्रीक. ग्रीक माणूस सुरुवातीचा 'प्न' खणखणीत म्हणत असे. इंग्रजाच्या जिभेला तो शब्दाच्या आरंभी झेपत नाही, म्हणून त्यानं उच्चार टाकला आणि स्पेलिंग ठेवून दिलं. आपण 'स्वप्न' म्हणतो तेव्हा हाच 'प्न' सहज म्हणून जातो. इंग्रजाला तो शब्दारंभी स्वप्नातही जमायचा नाही. मात्र आधी एखादा स्वर आधाराला मिळाला की 'पी' लगेच कामावर रुजू होतो. झोपेत श्वास अडकतो त्याला डॉक्टर 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. तिथे याच ग्रीक घराण्यातला 'प' स्पष्ट ऐकू येतो. माझं घोरणं हा तोच प्रकार असल्याचं सौ.चं मत आहे, त्यामुळे हा शब्द आमच्या घरात अपरिचित नाही.

राहता राहिला ठेका. आपण मराठी माणसं सगळ्या अक्षरांना सारखा पगार देतो. इंग्रजीत प्रमोशन असतं. 'मायक्रोस्कोपिक'मध्ये 'स्को' हा साहेब, 'व्होल्केनो'त 'के', 'कोनिओसिस'मध्ये 'ओ'. त्यांच्यावर जोर द्यायचा आणि बाकीच्यांना हळूच त्यांच्या मागून चालवायचं. हे ध्यानात आल्यावर मी शब्द तबल्याच्या बोलासारखा म्हणून पाहिला. तिसऱ्या प्रयत्नाला तो एका दमात आला. सातव्या प्रयत्नाला आतल्या खोलीतून आवाज आला, "आता निजा! शेजाऱ्यांना वाटेल मांत्रिक बोलावलाय."

दुसऱ्या दिवशी कन्येला सगळी मोड मोजून दिली. ती खूश झाली. पण मग म्हणाली, "आणि अर्थ?"

अर्थासाठी मी शाळेतल्या मराठीच्या मास्तरांना मनोमन नमस्कार केला. त्यांनी समास शिकवताना छडी वापरली होती, म्हणून समास लक्षात राहिले आहेत. तत्पुरुषात शेवटचं पद मुख्य असतं. पासबुकही आपण शेवटच्या ओळीपासूनच वाचतो, कारण शिल्लक तिथे असते. तसाच हा शब्द उलटा वाचायचा. 'ओसिस' म्हणजे रोगाची अवस्था. 'कोनि' म्हणजे धूळ, ग्रीक 'कोनिस'. कसली धूळ? 'व्होल्केनो'ची, म्हणजे ज्वालामुखीची. आणि या ज्वालामुखीच्या नावामागे रोमन लोकांचा अग्निदेव व्हल्कन, जो लोहारकामही करीत असे. त्यात आणखी 'सिलिको', लॅटिनमधल्या गारगोटीच्या नावावरून. केवढी धूळ? 'मायक्रो' लहान, 'स्कोपिक' पाहण्याचं आणि 'अल्ट्रा' त्याच्याही पलीकडची : म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही दाद न देणारी. आणि कुठे बसते? 'न्यूमोनो', फुप्फुसात. काही तुकडे ग्रीक, काही लॅटिन. आपल्या 'तिकीटघर' किंवा 'रेल्वेस्थानक'सारखा आंतरजातीय विवाह. मी लगेच मराठी प्रतिशब्दही तयार केला : 'अतिसूक्ष्मज्वालाश्मरजफुप्फुसविकार'. पंधरा अक्षरं. कन्या म्हणाली, "बाबा, यापेक्षा इंग्रजी सोपं आहे."

सिग्नलला 'अग्निरथगमनागमनदर्शक लोहपट्टिका' म्हणायचं अशी थट्टा आपल्याकडे होती ना? चौकशी केली तर हा शब्दही त्याच गोत्राचा निघाला. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये 'नॅशनल पझलर्स लीग' या कोडी सोडवणाऱ्यांच्या संस्थेचं अधिवेशन भरलं होतं. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी हा शब्द तिथे सोडला. 'न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून'नं छापला आणि पुढे तो मोठमोठ्या शब्दकोशांत जाऊन बसला. ऑक्सफर्डच्या कोशानं त्याला जागा दिली, पण सोबत शेराही मारला आहे की हा मुख्यतः लांब शब्दाचा नमुना म्हणूनच वापरात आहे. म्हणजे पगार चालू, काम काही नाही. डॉक्टर तो कधीच वापरत नाहीत. त्यांना नऊ अक्षरांत काम भागवता येतं : सिलिकोसिस. ४५ चे नऊ. रुपयाला वीस पैसे देऊन खातं बंद.

इथवर मी हसत होतो. मग म्हटलं, खातं बंद करण्यापूर्वी त्या नऊ अक्षरांचंही बघून घ्यावं.

ज्वालामुखी ही कोडीवाल्यांची हौस होती. सिलिकोसिसला ज्वालामुखी लागत नाही. दगडाची खाण पुरते, खडी क्रशर पुरतो, दगड घासायचं चाक पुरतं. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असलेली सिलिकाची धूळ श्वासाबरोबर आत जाते आणि फुप्फुसाच्या तळाशी असलेल्या हवेच्या पिशव्यांत बसते. शरीराच्या रखवालदार पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण धरतो. वर्षानुवर्षं व्रणावर व्रण, आणि शेवटी फुप्फुस फुगायचंच विसरतं. एकदा झालेलं नुकसान औषधानं भरून निघत नाही. या माणसांना क्षयही लवकर गाठतो. आणि नसला तरी पुष्कळदा एक्स-रे बघून क्षयच समजला जातो.

आणि मग एक नाव वाचलं : मंदसौर. मध्य प्रदेशातलं हे गाव पाटीवरच्या दगडी पेन्सिलींसाठी प्रसिद्ध. दगड विजेच्या करवतीनं कापून तिथे पेन्सिली होत आणि कापणाऱ्याभोवती धुळीचा ढग उठे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या कामगारांची तपासणी केली. ती १९८५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त कामगारांना सिलिकोसिस होता.

मी पहिलीत गेलो तेव्हा माझ्याकडे पाटी होती. पेन्सिलीची पेटी होती. दोन पेन्सिली लिहायला आणि एक खायला, असं आमच्या वर्गाचं साधारण अंदाजपत्रक असे. दगडी पेन्सिलीची ती गार, मातकट चव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पेन्सिल खाल्ली म्हणून आईनं मला बडवलंही होतं. "पोटात खडे होतील" म्हणाली होती. माझ्या पोटात काही झालं नाही. 'अ' आणि 'आ' मात्र मी त्याच पेन्सिलीनं गिरवले. ती कुठून येते, कोण कापतं, हे दुकानदाराला कधी विचारलं नव्हतं. एखाद्या शब्दाची अक्षरं मोजायची अक्कल मला जिनं दिली, तिचीच धूळ त्या शब्दाच्या शेवटच्या नोटेत निघाली.

स्पर्धा शनिवारी होती. कन्या घरी आली ती पाय आपटत.

"काय झालं?"

"सगळं बरोबर आलं. स्पेलिंग बरोबर, अर्थ बरोबर. फक्त 'व्होल्केनो'नंतर श्वास घेतला मी. बाई म्हणाल्या, एका दमात नाही आला. उत्तेजनार्थ दिलं." तिनं बक्षिसाचं बॉलपेन टेबलावर टाकलं.

"श्वास घेतला ना नीट? मग झालं तर," सौ. म्हणाली आणि पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

सोमवारी काउंटरवर मामा आले. पासबुक घरीच होतं. त्यांनी दोन आकडे सांगितले आणि ते थांबले. मी प्रथमच त्यांच्याकडे नीट बघितलं. ते विचार करायला थांबत नव्हते. आठवायलाही नाही. गळ्याखालचा खळगा आत-बाहेर होत होता. तो शांत झाला की पुढचे दोन आकडे येत.

मी स्टूल आत घेऊन त्यांना बसवलं. विचारलं, "मामा, छातीचा फोटो काढलाय का कधी?"

"काढलाय की सायेब. टीबी म्हंत्यात. दोनदा गोळ्या झाल्या. फरक न्हाई."

"जन्मभर खडीच्या धुळीत काम केलं, हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"ते कुनी इचारलंच न्हाई."

मी डॉक्टर नाही. मामांना काय झालंय ते मला सांगता येणार नाही, आणि ४५ अक्षरांचा शब्द पाठ असला तरी तो त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती झाली नाही. पैसे भरायच्या एका कोऱ्या स्लिपच्या पाठीवर मी मराठीत लिहून दिलं : 'इतकी इतकी वर्षं खडी क्रशरवर काम. दगडाची धूळ. सिलिकोसिससाठी तपासावे.' म्हटलं, "जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ही चिठ्ठी दाखवा." मामांनी ती घडी करून टोपीत ठेवली. मग त्यांना खातेक्रमांकाची आठवण झाली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन आकडे. थांबा. दोन आकडे.

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, किती वेळ? आम्हांलाही कामं आहेत!"

मी मान वर केली आणि बँकेतल्या वीस वर्षांत हजार वेळा म्हटलेलं वाक्य म्हटलं, "सिस्टिम स्लो आहे!"

त्या दिवशी सिस्टिम अगदी झकास चालू होती.